प्रथिनांची वडी : कोणी घ्यावी, कशी निवडावी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेस जोडून झालेल्या देणगीदार व रुग्णनातेवाईक मेळाव्यात आहारशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आहारशास्त्र विभागाला थोडा वेळ दिला जातो, त्याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे ऋणी आहोत. मधुमेहाचा आहार, मिठाचे प्रमाण, शस्त्रक्रियेनंतरचे खाणे हे आमचे नेहमीचे विषय. यंदाचा विषय आपल्यापैकी काहींना किरकोळ, कदाचित श्रीमंती वाटेल. औषधांच्या दुकानात गल्ल्याजवळ, व्यायामशाळेत आणि आता किराणा दुकानातही चकचकीत वेष्टनात मिळणारा ‘प्रोटीन बार’ हा तो विषय होय. सोयीसाठी आम्ही त्याला प्रथिनांची वडी म्हणू, कारण शेवटी ती वडीच आहे.

हा विषय घेण्यास दोन कारणे घडली. बाह्यरुग्ण विभागात आमच्यासमोर बसलेले नातेवाईक आता वारंवार पिशवीतून एखादे वेष्टन काढतात आणि विचारतात, “हे दिले तर चालेल का?” कधी तो प्रश्न आजारातून उठलेल्या वडिलांसाठी असतो, कधी वजन न वाढणाऱ्या मुलीसाठी, तर कधी व्यायामशाळेत जाऊ लागलेल्या धाकट्या भावासाठी. वेष्टन तेच, परंतु आमचे उत्तर तिघांसाठी तीन प्रकारचे असते. दुसरे कारण आपल्या औदार्याशी संबंधित आहे. वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त रुग्णांना फळे व बिस्किटे वाटण्याची प्रथा जुनी आहे. अलीकडे तिच्या जागी अशा वड्यांची खोकी येऊ लागली आहेत. देणाऱ्याची भावना निर्मळ असते, यात शंका नाही. पण एकच खोके क्षयरोगाच्या कक्षात आणि डायलिसिसच्या कक्षात सारख्याच उपयोगाचे नसते, आणि खोके परत करण्याचा अप्रिय प्रसंग आमच्या परिचारिकांवर येतो. तेव्हा एकदा सविस्तर बोलावे, असे आम्ही ठरवले.

प्रथम गरजेविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठी पोषणाच्या शिफारशी सुधारून प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीस दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. साठ किलो वजनाच्या माणसासाठी हा आकडा सुमारे ५० ग्रॅम होतो. आता आपल्या घरचे ताट पाहू. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारी किंवा गव्हाच्या पिठाच्या भाकरी-पोळ्या झाल्या, तर त्यांतून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ७५ ग्रॅम तांदळाच्या भातातून पाच-सहा ग्रॅम, ७५ ग्रॅम कोरडी डाळ व कडधान्य शिजवून खाल्ल्यास सोळा-सतरा ग्रॅम, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही घेतल्यास नऊ-दहा ग्रॅम, आणि भाजीत किंवा चटणीत मूठभर शेंगदाण्यांचे कूट पडले तर आणखी चार ग्रॅम. बेरीज पंचावन्नच्या आसपास जाते. अंडी व मासे धरलेलेच नाहीत.

ही बेरीज ऐकून समाधान वाटते, परंतु तीत एक खोच आहे. ७५ ग्रॅम डाळ म्हणजे आपल्या अनेक घरांत चार माणसांत वाटली जाणारी डाळ होय. आमटी वाटीभर असते, पण ती पातळ असते. वाटी डाळीने भरलेली की पाण्याने, हे आकड्यांत दिसत नाही. रुग्णाच्या आहाराची चौकशी करताना “डाळ रोज खातो” या उत्तरावर आम्ही थांबत नाही. “घरात महिन्याला किती किलो डाळ येते आणि माणसे किती?” असे विचारतो. उत्तर मिळताच बहुतेक वेळा दुखणे कोठे आहे ते कळते. तेथे वडीची चर्चा निघण्याआधी डाळीची निघावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्याची आपली रीतही शास्त्राला धरून आहे. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असते. वरणभात, पिठलं-भाकरी, खिचडी ही जोड त्यामुळे एकमेकांची उणीव भरून काढते.

येथे एका मोठ्या माणसाचे स्मरण करणे आम्हांस आवश्यक वाटते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहून काम करीत होते. १९६०च्या दशकात जगभर एकच ओरड होती, की गरीब देशांत प्रथिनांचा भयंकर तुटवडा आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी या येऊ घातलेल्या ‘प्रथिनसंकटा’वर अहवालही काढला. माशांच्या पुडीपासून तेलावर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांपर्यंत नाना प्रकारची प्रथिने तयार करण्यावर पैसा खर्च होऊ लागला. डॉ. सुखात्मे यांनी आणि हैदराबादच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी प्रत्यक्ष आहाराची आकडेवारी समोर ठेवून दाखवले, की बहुतेक गरिबांच्या आहारात उणीव आहे ती एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची. पोट भरेल इतके धान्य व डाळ मिळाली, तर प्रथिनांची गरज बहुधा त्यातूनच भागते. १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी त्या साऱ्या प्रकरणाला प्रथिनांचा महाघोटाळा अशा अर्थाचे नाव दिले.

या जुन्या वादाचा आजच्या वडीशी संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. शरीराला ऊर्जा पुरेशी मिळाली नाही, तर ते खाल्लेली प्रथिने स्नायू बांधण्यास न वापरता सरपण म्हणून जाळून टाकते. दोन वेळचे जेवण निम्मे करून मधे एक महागडी वडी खाणारा रुग्ण चंदन चुलीत घालीत असतो. वडी खाऊन भूक मेली आणि म्हणून भाकरी गेली नाही, असे अशक्त रुग्णांत सर्रास घडते. अशा वेळी वडीने नक्त भर घातली की घट केली, हा प्रश्न नातेवाइकांनी स्वतःला विचारावा.

कुपोषित बालकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या शेंगदाण्याच्या औषधी लगद्याचे उदाहरण घ्या. १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेल्या या लगद्याच्या ९२ ग्रॅमच्या एका पुडीत सुमारे ५०० उष्मांक असतात आणि प्रथिने साडेबारा ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅम प्रथिनातून ४ उष्मांक मिळतात, तेव्हा एकूण उष्मांकांत प्रथिनांचा वाटा फक्त दहा टक्के झाला. हाडांचा सापळा झालेल्या मुलांचे प्राण वाचवणारे हे अन्न बाजारच्या भाषेत ‘हाय प्रोटीन’ मुळीच नाही. त्यात ऊर्जा दाट आहे, दुधाची उत्तम प्रतीची प्रथिने आहेत, जीवनसत्त्वे व खनिजे मोजून घातलेली आहेत.

आता वडीच्या वेष्टनाकडे वळू. मुळात अशा वड्या रुग्णांसाठी निघालेल्याच नव्हत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे ब्रायन मॅक्सवेल या कॅनेडियन मॅरेथॉन धावपटूने लांब पल्ल्याच्या धावण्यात मधेच शक्ती संपू नये म्हणून ‘पॉवरबार’ ही वडी बाजारात आणली. तिचा भर पिष्टमय पदार्थांवर होता, कारण धावणाऱ्याला तेच हवे असते. पुढे व्यायामशाळांचा जमाना आला, दुधापासून चीज करताना उरणाऱ्या निवळीतून काढलेली व्हे प्रथिने स्वस्तात मिळू लागली, आणि ऊर्जेच्या वडीची प्रथिनांची वडी झाली. आजही दुकानाच्या एकाच फळीवर दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दोघींच्या वेष्टनावर धावणारी आकृती असते. फरक मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतो.

वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर ‘हाय प्रोटीन’ किंवा ‘रिच इन प्रोटीन’ असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ समजून घ्या. आपल्याकडील २०१८ च्या दावेविषयक नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली की असे म्हणता येते. प्रौढ पुरुषाची शिफारस ५४ ग्रॅम धरली, तर हा आकडा ११ ग्रॅमच्याही किंचित आत येतो. म्हणजे ४० ग्रॅमच्या वडीत चार-साडेचार ग्रॅम प्रथिने असली तरी ती कायद्याने ‘हाय प्रोटीन’ ठरू शकते. आपल्या डब्यातील गव्हाचे पीठही १०० ग्रॅमला साडेदहा ग्रॅमच्या आसपास येते, ते या किताबापासून केसभरच दूर आहे. फुटाणे तर त्याच्या कितीतरी पुढे आहेत, पण त्यांना वेष्टन नाही.

म्हणून आम्ही वेष्टन उलटे करून एक साधा हिशेब करण्यास सांगतो. वडीतील प्रथिनांच्या ग्रॅमला चाराने गुणा आणि एकूण उष्मांकांनी भागा. समजा, एका ६० ग्रॅमच्या वडीत २० ग्रॅम प्रथिने आणि २२० उष्मांक आहेत. ऐंशी भागिले दोनशे वीस, म्हणजे सुमारे ३६ टक्के. ही खरोखर प्रथिनांची वडी झाली. दुसऱ्या ४० ग्रॅमच्या वडीत ६ ग्रॅम प्रथिने आणि १६० उष्मांक असतील, तर वाटा १५ टक्के होतो. ती सुकामेव्याची मिठाई आहे, तिला तसेच समजून खावे. तुलनेसाठी सांगतो, की उकडलेल्या अंड्यात हाच वाटा सुमारे एक तृतीयांश असतो, फुटाण्यांत विसाहून थोडा अधिक टक्के, आणि निम्मे दाणे व निम्मा गूळ घातलेल्या आपल्या चिक्कीत जेमतेम दहा टक्के. चिक्कीविषयी आम्हांला ममत्व आहे, लोणावळ्याहून परतताना आम्हीही ती आणतो. परंतु ५० ग्रॅम चिक्कीत वीस ग्रॅमहून अधिक साखर गुळाच्या रूपाने असते, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ‘पारंपरिक’ या शब्दाने मधुमेह फसत नाही.

त्यानंतर घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे पहिली तीन नावे वडीची जात सांगतात. तेथे व्हे, दूधप्रथिने, सोया, दाणे, बदाम असे काही असेल तर ठीक. पहिल्याच नावात ग्लुकोज सिरप किंवा साखर असेल, तर पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये. काही उत्पादक गोडी तीन-चार नावांत विभागून टाकतात : थोडे सिरप, थोडी साखर, थोडा मध, थोडे माल्टोडेक्स्ट्रिन. प्रत्येकाचे वजन कमी झाल्याने यादीत प्रत्येक जण खाली सरकतो, पण पोटात चौघेही एकत्रच पोहोचतात. खजुराच्या वड्यांत वरून घातलेली साखर शून्य असू शकते. तरीही खजुरातील साखर ती साखरच, म्हणून ‘एकूण साखर’ ही ओळ ‘वरून घातलेली साखर’ या ओळीसोबत वाचावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका गोड वडीने त्यातला निम्मा वाटा संपतो, आणि सकाळचा चहा अजून मोजायचा असतो.

‘शुगर फ्री’ वड्यांत साखरेऐवजी माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखे पदार्थ असतात. त्यांना पॉलिऑल म्हणतात. ते दहा टक्के किंवा अधिक असल्यास वेष्टनावर रेचक परिणामाची सूचना छापावी लागते. ती सूचना शोभेची नाही. पोट नाजूक असलेल्या रुग्णास एका वडीनेही ढाळ लागू शकतात आणि चिकोरीच्या मुळापासून काढलेले तंतू सोबत असतील तर पोट फुगते. माल्टिटॉलने रक्तातील साखर काही प्रमाणात वाढतेही, म्हणून मधुमेही रुग्णाने ‘शुगर फ्री’ हे शब्द म्हणजे मोकळीक समजू नये. साखरेऐवजी वापरावयाची गोड द्रव्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. वरचा चॉकलेटसारखा थर बहुधा पाम कर्नेल तेलाचा असतो. त्यात संपृक्त मेद भरपूर असल्याने हृदयरुग्णांनी ती ओळही पाहावी.

प्रथिनांचा आकडा मोठा असला तरी ती कोणत्या प्रतीची आहेत, हे आकडा सांगत नाही. प्रयोगशाळेत नत्राच्या प्रमाणावरून प्रथिने काढली जातात. नत्र कोठून आले याची त्या मोजणीला पर्वा नसते. दूध, अंडे, सोया यांची प्रथिने उत्तम प्रतीची असतात. कोलॅजन किंवा जिलेटिन यांत ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे स्नायूंच्या दृष्टीने केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शाकाहारी मंडळींनी हिरव्या ठिपक्याकडे लक्ष द्यावे, हे वेगळे सांगणे नको. शेंगदाणे, दूध, सोया, गहू यांची ॲलर्जी असलेल्यांनी ॲलर्जीची सूचना न वाचता एक तुकडाही तोंडात टाकू नये. परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहणे हे तर प्रत्येक पाकिटबंद पदार्थाला लागू आहे.

वेष्टनावर लिहिलेले सर्व खरेच असते, असेही समजू नये. ‘मेडिसिन’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाजारातील ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी झाली. सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावरील मजकुराशी जुळले नाही, काहींत ते निम्मेच भरले आणि सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आढळले. ती तपासणी भुकटीची होती, वड्यांची नव्हे. परंतु कच्चा माल बहुधा त्याच घराण्यातला असतो.

आता कोणी काय करावे, याकडे येऊ.

व्यायाम करणाऱ्या तरुण मित्रांनो, तुमची गरज सामान्य माणसापेक्षा अधिक आहे, हे आम्ही मान्य करतो. जड वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांना किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा उपयोग होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसले आहे. त्यापुढे घेतलेल्या प्रथिनांचा स्नायूंना विशेष लाभ दिसला नाही. व्यायाम संपताच अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, ही समजूतही पूर्वी वाटे तितकी खरी नाही. दिवसभराची बेरीज आणि दर जेवणातील वाटा अधिक महत्त्वाचा. वसतिगृहात राहणाऱ्या, सकाळी सहाला तालमीत जाऊन साडेसातची लोकल पकडणाऱ्या मुलाने वीस ग्रॅम प्रथिनांची, कमी साखरेची एक वडी खिशात ठेवली तर आमची हरकत नाही. वडापावापेक्षा ती बरी. पण जो पाऊण तास चालून येतो आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून २२० उष्मांकांची वडी खातो, त्याने चालण्यात जाळलेले सारे परत भरले, हे त्याने ध्यानी घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही स्नायू कमावण्यासाठी प्रथिन-पूरके टाळावीत, असे स्पष्ट म्हटले आहे.

ज्येष्ठांचा प्रश्न निराळा आहे. वय वाढले की स्नायू झिजतात, आणि भूकही मंदावते. साठीनंतर मूत्रपिंडे निकोप असतील तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे आज अनेक तज्ज्ञ सांगतात. परंतु दातांना चिकटणारी, चिवट वडी आजोबांच्या हाती देण्यात काय हशील? त्यांना दह्यात कालवलेले मेतकूट, मऊ पनीर, मूगडाळीचे धिरडे, चालत असल्यास अंडे, असे काही दिवसांतून तीन वेळा थोडे थोडे द्यावे. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांना वडी देऊच नये, आणि लहान मुलांना कडक दाणेदार वड्या देताना ठसक्याची भीती लक्षात घ्यावी.

मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी मात्र आम्ही आग्रहाने बोलणार आहोत. मूत्रपिंडे मंदावली आहेत पण डायलिसिस सुरू झालेले नाही, अशा रुग्णांना प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात, किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमच्या घरात, तेही वैद्यांच्या सल्ल्याने. डायलिसिस सुरू झाले की चित्र उलटते, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनांचे घटक वाहून जातात; तेव्हा १ ते १.२ ग्रॅम लागतात. म्हणजे एकाच माणसाला मार्च महिन्यात जी वडी अपायकारक, ती डिसेंबरात उपयोगी ठरू शकते. शिवाय दाणे, बदाम, कोको यांत पोटॅशियम व फॉस्फरस असते आणि पाकिटबंद पदार्थांत फॉस्फेटची मिश्रणे वरून घातलेली असतात, ती शरीरात फार लवकर शोषली जातात. त्यामुळे या रुग्णांसाठी एखाद्या शेजाऱ्याने, व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने किंवा दुकानदाराने सुचवलेली वडी आणू नये. आणण्यापूर्वी आमच्याकडे वेष्टन घेऊन या. तपासणीस पाच मिनिटे लागतात आणि तिचे शुल्क नाही.

क्षयरोगाच्या रुग्णांबाबत आमच्याकडे सांगण्यासारखी आनंदाची गोष्ट आहे, आणि ती देणगीदारांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांना दरमहा दहा किलोंची शिधापेटी देण्यात आली. तीत तांदूळ, डाळ, दूधपूड व तेल होते आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दिवसाला सुमारे १,२०० उष्मांक व ५२ ग्रॅम प्रथिने मिळतील असा हिशेब होता. ज्या घरांतील इतर माणसांनाही शिधा दिला, त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, तर त्यांचा मृत्यूचा धोका ठळकपणे कमी झाला. कोणत्याही वडीचे नाव न घेता, तांदूळ-डाळीने हे घडवले. डॉ. सुखात्मे हयात असते तर त्यांना आश्चर्य वाटले नसते.

आता खर्चाचा हिशेब करून पाहू. वडीची किंमत भागिले तिच्यातील प्रथिनांचे ग्रॅम, एवढाच तो हिशेब आहे. समजा, शंभर रुपयांच्या वडीत वीस ग्रॅम प्रथिने आहेत. ग्रॅमला पाच रुपये पडले. फुटाणे किलोला १६० रुपयांनी मिळाले आणि किलोत २०० ग्रॅम प्रथिने धरली, तर ग्रॅमला ८० पैसे पडतात. एका खोक्याच्या खर्चात एका कुटुंबाची महिन्याची डाळ सुटू शकते. म्हणून आमची देणगीदारांना नम्र विनंती आहे : कक्षात वाटण्यासाठी काही पाठवायचे असेल, तर आधी विभागाकडे विचारणा करावी. क्षयरोग आणि कर्करोगाच्या कक्षांसाठी शिधा, फुटाणे, शेंगदाणे व दूधपूड आम्ही आनंदाने स्वीकारू. केमोथेरपी चालू असताना ज्यांना स्वयंपाकाचा वासही सोसवत नाही, अशा काही रुग्णांसाठी मात्र बाजारची चांगली वडी खरोखर उपयोगी पडते : वास नाही, शिजवणे नाही, दोन घास आता आणि दोन घास तासाने. त्यांच्यासाठी कोणत्या प्रकारची वडी चालेल, त्याची यादी आम्ही कार्यालयात ठेवली आहे.

घरी करता येईल अशी वडी सांगा, असा आग्रह अनेक भगिनींनी केला होता. आमच्या स्वयंपाकघरात वजन कमी असलेल्या रुग्णांसाठी आम्ही करतो, तीच सांगतो. २०० ग्रॅम डाळं, म्हणजे चिवड्यात घालतो ती भाजकी चणाडाळ, मिक्सरमधून काढून पीठ करावे. १०० ग्रॅम शेंगदाणे खमंग भाजून, साले काढून भरड कूट करावे. १०० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पूड घ्यावी. १५० ग्रॅम गूळ दोन-तीन चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवून गोळीबंद पाक करावा आणि भांडे खाली उतरवावे. मग चमचाभर तूप व वेलदोड्याची पूड घालून आधी कूट, मग डाळ्याचे पीठ आणि शेवटी दूधपूड ढवळत मिसळावी. दूधपूड चुलीवर असताना घातली तर गुठळ्या होतात. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात. चाळीस ग्रॅमच्या साधारण चौदा वड्या होतात. एका वडीत सुमारे सात ते साडेसात ग्रॅम प्रथिने आणि १६० च्या आसपास उष्मांक असतात, आणि साखरही तेरा ग्रॅमच्या घरात, म्हणून मधुमेहींना ही वडी नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकते. पावसाळ्यात चार दिवसांत संपवावी, आणि दाण्यांना कुबट वास येत असेल तर ते दाणे टाकून द्यावेत. बाहेरच्या मेजावर आज केलेल्या वड्या ठेवल्या आहेत. घेण्यापूर्वी तेथील परिचारिकेस आपला आजार सांगावा.